मंगला नारळीकर : गणित, गृहस्थाश्रम आणि मराठी संख्यानामे

१

विद्वानांची चरित्रे लिहिण्याची जी पद्धत रूढ आहे तिचा साचा बहुधा पुरुषांच्या आयुष्यावरून घेतलेला असतो. पदवी, संशोधनवृत्ती, पहिली नेमणूक, बढती, ग्रंथ, सन्मान आणि निवृत्ती अशा पायऱ्या क्रमाने मांडल्या की चरित्र पूर्ण झाले असे समजले जाते. ज्यांचे आयुष्य ह्या साच्यात बसत नाही त्यांच्याविषयी लिहिताना मधली वर्षे मोकळी सोडली जातात, अथवा 'कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे संशोधनात खंड पडला' अशा एका वाक्यात ती आटोपली जातात. गणितज्ञ डॉ. मंगला जयंत नारळीकर (१९४३–२०२३) ह्यांच्याविषयी जे लिहिले जाते त्यातही ही मोकळी वर्षे आढळतात.

त्यांच्या नेमणुकांची यादी पुढीलप्रमाणे आहे : १९६४ ते १९६६ टाटा मूलभूत संशोधन संस्था, मुंबई, १९६७ ते १९६९ केंब्रिज, १९७४ ते १९८० पुन्हा टाटा संस्था, १९८१ मध्ये पीएच.डी.; १९८२ ते १९८५ मुंबई विद्यापीठ; पुढे पुणे विद्यापीठात अधूनमधून अध्यापन; आणि २००६ ते २०१० पुण्याचे भास्कराचार्य प्रतिष्ठान. ही यादी एका तुटक कारकिर्दीची वाटते. परंतु त्याच काळात तीन मुलींचे संगोपन, वृद्ध सासूसासऱ्यांची देखभाल, एका जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाचा संसार आणि मराठीतील गणितलेखन ही कामे अखंड चालू होती. ती ह्या यादीत येत नाहीत.

'खंड' म्हणून वजा केली जाणारी ही वर्षे हिशेबात धरल्यावाचून मंगलाबाईंच्या उत्तरायुष्यातील कार्याचा, विशेषतः मराठी संख्यावाचनाच्या सुधारणेचा, पुरता अर्थ लागत नाही, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य आहे. त्याबरोबरच त्या वर्षांची किंमत काय पडली हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अन्यथा चरित्राची जागा त्यागाची स्तुती घेईल.

२

मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यास, गणनाची एक जुनी परंपरा आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये तेथे वेधशाळा स्थापन केली. अलिबागजवळच्या नागाव येथून मुंबईस शिकण्यासाठी आलेले केरो लक्ष्मण छत्रे १८४० च्या सुमारास, ऐन किशोरवयात, ह्या वेधशाळेत नोकरीस लागले. वेध घ्यावेत, ते टिपावेत आणि टिपणांवरून आकडेमोड करावी, असे अशा वेधशाळांतील कामाचे स्वरूप असे. ह्याच केरूनानांनी पुढे 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ लिहिला आणि मराठी शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तकही तयार केले. वरच्या दर्जाचे गणित जाणणाऱ्याने शाळेतल्या अंकगणिताकडे वळणे त्या पिढीला कमीपणाचे वाटत नव्हते, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

इंग्रजीतील 'काँप्यूटर' हा शब्द त्या काळी, आणि त्यानंतरही जवळजवळ शंभर वर्षे, यंत्राचा नव्हे तर आकडेमोड करणाऱ्या माणसाचा वाचक होता. मराठीत 'गणक' हा जुना शब्द ज्योतिषी आणि हिशेबनीस ह्या अर्थांनी होता. 'संगणक' ही संज्ञा मात्र यंत्र आल्यावर रूढ झाली, आणि म्हणून ती ऐकताना माणूस डोळ्यांपुढे येत नाही.

होमी भाभा ह्यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कुलाब्यातील नव्या वास्तूचे उद्घाटन जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. संस्थेतच बांधलेला आणि १९६० पासून चालू असलेला संगणक त्याच सुमारास 'टिफ्रॅक' ह्या नावाने ओळखला जाऊ लागला. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा तत्कालीन मानाने बलाढ्य संगणक आला. त्याच वर्षी मंगला राजवाडे ही एकवीस वर्षांची विद्यार्थिनी संस्थेच्या गणित विभागात संशोधनासाठी दाखल झाली.

मंगलाबाईंचा जन्म १७ मे १९४३ रोजी मुंबईत झाला. मुंबई विद्यापीठातून त्या १९६२ मध्ये बी.ए. आणि १९६४ मध्ये गणित विषय घेऊन एम.ए. झाल्या, एम.ए.ला प्रथम क्रमांक आणि कुलपतींचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. गिरगाव-दादरच्या मराठी मध्यमवर्गात मुलीने पदवीधर व्हावे ही गोष्ट तोवर सर्वमान्य झाली होती. पदवीनंतर तिने काय करावे ह्याचे उत्तर मात्र बहुतेक घरांत लग्नावर सोपवलेले असे. विद्यापीठात पहिली आलेली मुलगीही ह्याला अपवाद नव्हती. के. चंद्रशेखरन आणि के. जी. रामनाथन ह्यांनी उभारलेल्या त्या गणित विभागात संख्याशास्त्राचे, म्हणजे पूर्णांकांच्या गुणधर्मांचे, अध्ययन विशेष जोमाने चालत असे. अशा ठिकाणी प्रवेश मिळूनही मंगलाबाईंचा पहिला मुक्काम दोनच वर्षांचा ठरला.

३

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर ह्यांच्याशी विवाह झाल्यावर मंगलाबाई केंब्रिजला गेल्या. १९६७ ते १९६९ ह्या काळात तेथील पदवीपूर्व विद्यार्थ्यांना त्यांनी गणित शिकवले. १९७२ मध्ये नारळीकर कुटुंब भारतात परतले आणि जयंतरावांनी टाटा संस्थेत प्राध्यापकपद स्वीकारले. १९७४ पासून मंगलाबाई पुन्हा गणित विभागात काम करू लागल्या. विवाहानंतर सोळा वर्षांनी, १९८१ मध्ये, मुंबई विद्यापीठाने त्यांना विश्लेषणात्मक संख्याशास्त्रातील प्रबंधासाठी पीएच.डी. दिली. तेव्हा त्यांचे वय अडतीस वर्षांचे होते. ह्या शाखेत उमेदवारीचा काळ साधारणपणे पंचविशी-तिशीत संपतो.

त्यांच्या संशोधनाचा विषय थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण स्त्री-गणितज्ञाविषयी लिहिताना नेमका तोच वगळला जातो. 'चाळलेल्या पूर्णांकांचा सिद्धान्त' अशा आशयाच्या शीर्षकाचा त्यांचा निबंध १९८० मध्ये 'अ‍ॅक्टा अरिथमेटिका' ह्या पोलंडमधून निघणाऱ्या नियतकालिकात आला. दोनच्या पटीतल्या संख्या गाळाव्यात, मग तीनच्या, मग पाचच्या, आणि अखेर काय उरते ते पाहावे, ही चाळणीची कल्पना प्राचीन ग्रीक गणितापासून चालत आली आहे. विसाव्या शतकात तिचे एक सूक्ष्म शास्त्र झाले : गाळण्याचे नियम बदलले तर उरणाऱ्या संख्या किती दाट राहतात आणि दोन उरलेल्या संख्यांत जास्तीत जास्त किती अंतर पडू शकते, असे प्रश्न त्यात येतात. हुर्विट्झ ह्याच्या झीटा फलनाच्या वर्गमाध्यावरील मंगलाबाईंचा निबंध १९८१ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. १९८० च्या दशकात 'हार्डी-रामानुजन जर्नल'मध्येही त्यांचे निबंध आले. निबंधांची संख्या मोठी नाही. परंतु हे काम हौसेचे नव्हते. त्या विषयातील जाणकारांनी पारखून घेतलेले होते.

ह्या वर्षांविषयी मंगलाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. भारतीय विज्ञान अकादमीने २००८ मध्ये रोहिणी गोडबोले आणि राम रामस्वामी ह्यांच्या संपादनाखाली 'लीलावतीज डॉटर्स' हा स्त्री-वैज्ञानिकांच्या आत्मवृत्तांचा संग्रह काढला. त्यातील लेखात त्यांनी आपली कहाणी आपल्या पिढीतील अनेक सुशिक्षित स्त्रियांची प्रातिनिधिक कहाणी असल्याचे सांगितले : उत्तम शिक्षण झालेल्या, तरीही घरच्या जबाबदाऱ्यांना नेहमी आपल्या व्यवसायापुढे स्थान देणाऱ्या स्त्रियांची. ह्या विधानात तक्रार नाही आणि बढाईही नाही. 'प्रातिनिधिक' हा शब्द मात्र तोलून पाहण्याजोगा आहे. सुवर्णपदक मिळवलेली, संशोधन संस्थेत प्रवेश मिळालेली, सुविद्य आणि उदार कुटुंबात नांदणारी स्त्री जर प्रातिनिधिक असेल, तर ज्यांना ह्यांपैकी काहीही लाभले नाही अशांच्या बुद्धीचे काय झाले असेल, हा प्रश्न त्या एका शब्दातून निघतो.

मुंबई शहराला ह्या प्रश्नाची एक बाजू जुन्या काळापासून ठाऊक होती. परळ-लालबागच्या गिरण्यांतून वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत हजारो स्त्रिया काम करीत, आणि त्यांच्यासाठी मुंबई प्रांताने १९२९ मध्ये प्रसूती लाभाचा कायदा केला. देशातील तो अशा प्रकारचा पहिला कायदा. संपूर्ण देशासाठी तसा कायदा १९६१ मध्ये झाला. तथापि १९६० च्या दशकातही मुंबईतील एका औषध कंपनीत मुलीचे लग्न होताच तिची नोकरी संपुष्टात यावी असा नियम होता, आणि तो अन्याय्य ठरवण्यासाठी कामगार संघटनेला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. 'बॉम्बे लेबर युनियन विरुद्ध इंटरनॅशनल फ्रँचायझेस' ह्या खटल्यात न्यायालयाने तो नियम काढून टाकण्याचा निर्णय दिला.

ह्या कायद्यांना जे दिसते ते बाळंतपण आणि लग्न. बाळंतपणाचे आठवडे मोजता येतात. मूल वाढवण्याची वर्षे कोणत्याही कायद्याच्या कोष्टकात बसत नाहीत, आणि संशोधनातील वयाची अट, सलग सेवेची अट, अलीकडच्या निबंधांची अट ह्या सर्व गोष्टी नेमक्या त्याच वर्षांवर येऊन पडतात. मंगलाबाईंच्या बाबतीत संशोधन थांबले ते कोणी थांबवले म्हणून नव्हे. दिवसाच्या तासांची बेरीज चोवीसच्या पुढे जात नाही, आणि संख्याशास्त्रातील प्रश्नाला सलग चार तास लागतात, एवढे कारण त्याला पुरेसे होते. येथे जे गमावले गेले ते गणिताचेही नुकसान होते, एवढे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

४

नारळीकर कुटुंब १९८९ मध्ये पुण्यास गेले. त्या काळात आणि त्यानंतर मंगलाबाईंचे मराठी लेखन विशेष बहरले. 'गणितगप्पा', 'गणिताच्या सोप्या वाटा', 'पाहिलेले देश, भेटलेली माणसं' ही त्यांची पुस्तके वाचकांपर्यंत पोहोचली. 'गणिताच्या सोप्या वाटा' ह्या पुस्तकास २००२ मध्ये पारितोषिक मिळाले. शाळकरी मुलाला गणिताची भीती का वाटते, हा ह्या लेखनामागचा मूळ प्रश्न होता. घरात तीन मुलींना वाढवलेल्या आणि अनेक वर्षे निरनिराळ्या वयाच्या विद्यार्थ्यांना शिकवलेल्या व्यक्तीला ही भीती पुस्तकातून शोधावी लागत नाही. त्यांच्या ज्येष्ठ कन्या गीता जीवरसायनशास्त्रात, तर गिरिजा आणि लीलावती ह्या दोघी संगणकशास्त्रात संशोधक झाल्या. भास्कराचार्यांच्या ग्रंथाचे नाव धारण करणारी कन्या आज संगणकाच्या साहाय्याने जनुकांचे कोडे सोडवते. 'संगणक' हा शब्द ज्या पिढीपुढे नवा आला, त्या पिढीतील आईच्या घरात तो दुसऱ्या पिढीचा व्यवसाय झाला.

बालभारतीच्या गणित विषयाच्या समितीचे अध्यक्षपद मंगलाबाईंकडे असताना २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकात संख्यावाचनाची एक पर्यायी रीत देण्यात आली. 'एकवीस' ह्याबरोबर 'वीस एक', 'सत्तावीस' ह्याबरोबर 'वीस सात' असेही वाचता येईल, अशी ती रीत होती. जुने शब्द पुस्तकातून काढलेले नव्हते. तथापि मोठे वादळ उठले. वृत्तपत्रांतून थट्टा झाली, आणि विधिमंडळातही हा विषय गाजला. शहात्तर वर्षांच्या मंगलाबाईंनी प्रत्येक आक्षेपास शांतपणे आणि सविस्तर उत्तर दिले.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे तपासून पाहण्यासारखे आहे. मराठी संख्यानामांत दोन स्वतंत्र अडचणी आहेत. पहिली क्रमाची. लिहिताना '२१' ह्यात दशक आधी आणि एकक नंतर. बोलताना 'एक' आधी आणि 'वीस' नंतर. संस्कृतातील 'एकविंशति' पासून हा क्रम आला आहे, आणि अंकांची गती उजवीकडून डावीकडे मानणाऱ्या जुन्या शास्त्राशी तो सुसंगतही होता. परंतु शंभराच्या पुढे मराठी स्वतःच हा क्रम सोडते. 'एकशे एकवीस' म्हणताना शतक आधी, मग एकक, मग दशक असा क्रम होतो. 'तीन हजार दोनशे' म्हणताना मोठे स्थान आधीच येते. कन्नड आणि तेलुगू ह्या शेजारच्या भाषांत वीस आधी आणि एक नंतर येतो. म्हणजे दशक प्रथम उच्चारणे मराठी मुलुखाच्या सीमेवरील लोकांच्या कानाला मुळीच अपरिचित नाही.

दुसरी अडचण रूपांची आहे, आणि ती अधिक बिकट आहे. 'पाच' हा अंक दशकांच्या सोबतीने कसा बदलतो पाहावे : पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट, पंच्याहत्तर, पंच्याऐंशी, पंच्याण्णव. 'तीन' ह्याची स्थिती अशीच : तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. दशकेही स्थिर नाहीत. 'पन्नास' हा 'बावन्न' मध्ये 'वन्न' होतो, 'त्रेपन्न' मध्ये 'पन्न'; 'साठ' चा 'सष्ट' होतो, 'सत्तर' चा 'हत्तर', 'नव्वद' चा 'ण्णव'. शिवाय एकोणीस, एकोणतीस अशी वजाबाकीने बनलेली रूपे 'एकोणनव्वद' पर्यंत चालतात आणि 'नव्व्याण्णव' ला येऊन एकाएकी थांबतात. संस्कृत-प्राकृतातून आलेल्या ध्वनिपरिवर्तनांचा हा साठा ऐतिहासिक व्याकरणाच्या अभ्यासकाला मोलाचा आहे. सात वर्षांच्या मुलाला मात्र त्यामागील नियम दिसत नाहीत. शंभर निरनिराळी नावे पाठ करणे एवढेच त्याच्या वाट्याला येते. ज्याच्या घरी संख्या मोठ्याने म्हणणारे कोणी नाही, त्याच्यावर हा भार दुप्पट पडतो.

आक्षेपांतही तथ्य होते. पाढ्यांची लय आटोपशीर शब्दांवर उभी आहे. 'पाच पाचे पंचवीस' मध्ये जो ठेका आहे तो 'वीस पाच' मध्ये येत नाही. पावकी, निमकी, सवायकी, अडीचकी मुखोद्गत करणाऱ्या परंपरेने जी तोंडी आकडेमोडीची ताकद दिली ती नाकारता येणार नाही. बाजारात आणि घरात 'एकवीस' हाच शब्द चालणार असल्यामुळे मुलाला तो केव्हा तरी शिकावाच लागणार, हा मुद्दाही रास्त आहे. म्हणूनच पर्यायी रीत जुन्या शब्दांच्या जागी नव्हे, तर त्यांच्याकडे नेणारी पायरी म्हणून ठेवण्यात आली होती. ही गोष्ट वादाच्या गदारोळात बहुतेकांच्या नजरेतून सुटली.

भाषा हुकमाने बदलत नाही, असे म्हटले जाते. नॉर्वेचे उदाहरण ह्या संदर्भात बोधप्रद आहे. तेथेही एकक आधी आणि दशक नंतर म्हणण्याची रीत होती. दूरध्वनी क्रमांक तोंडी सांगताना होणाऱ्या चुका लक्षात घेऊन १९५१ मध्ये तेथील संसदेने दशक प्रथम म्हणण्याची रीत अधिकृत केली. शाळा आणि नभोवाणीने ती उचलली; जुनी रीत बोलण्यातून नाहीशी झाली नाही, आणि आजही अनेकांच्या तोंडी दोन्ही रीती नांदतात. उलट मुंबईत जे घडत आहे ते अधिक चिंतेचे आहे. दादर-परळच्या मराठी घरांतील मुले मराठी वाक्यात 'सिक्स्टी सेव्हन' म्हणतात, कारण 'सदुसष्ट' त्यांना उमगत नाही. 'साठ सात' ह्या शब्दांना मराठी न मानणाऱ्यांनी 'सिक्स्टी सेव्हन' मात्र निमूट पत्करले आहे.

५

मंगलाबाईंचे निधन १७ जुलै २०२३ रोजी पुण्यास झाले. जयंतराव २० मे २०२५ रोजी निवर्तले. जयंतरावांचे आत्मचरित्र 'चार नगरांतले माझे विश्व' साहित्य अकादमीच्या पुरस्काराने गौरवले गेले. त्या चार नगरांपैकी केंब्रिज, मुंबई आणि पुणे येथील संसार मंगलाबाईंनी उभा केला. त्याची नोंद शास्त्राच्या इतिहासात वेगळ्या सदराखाली होत नाही.

त्यांच्या आयुष्याचा हिशेब दोन प्रकारे चुकतो. एका प्रकारात केवळ नेमणुका आणि निबंध मोजले जातात, आणि मग त्या प्रसिद्ध पतीच्या सुविद्य पत्नी एवढ्याच उरतात. दुसऱ्या प्रकारात आई आणि गृहिणी म्हणून त्यांचा गौरव होतो, आणि अडतिसाव्या वर्षी प्रबंध पुरा करणारी गणितज्ञ दिसेनाशी होते. संख्यावाचनाच्या प्रकरणात ह्या दोन्ही बाजू एकत्र आल्या. पूर्णांकांची रचना आतून जाणणाऱ्या व्यक्तीलाच 'त्र्याण्णव' ह्या नावामागे दडलेले 'नव्वद आणि तीन' सहज दिसते. आणि मुलाच्या बोलण्याकडे वर्षानुवर्षे कान देणाऱ्या व्यक्तीलाच ते मुलाला दिसत नाही हे कळते. केरूनाना छत्र्यांनी कुलाब्याच्या वेधशाळेतून मराठी शाळेच्या अंकगणिताकडे जो मार्ग काढला होता, त्याच मार्गाने दीडशेहून अधिक वर्षांनी मंगलाबाई गेल्या, फरक एवढाच की त्यांच्या मार्गात मध्ये एक घर होते.

विद्यापीठांच्या विभागांपुढे ह्यातून दोन कामे उरतात. संख्यानामांच्या दोन रीतींनी शिकणाऱ्या मुलांची आकलनातील प्रगती पद्धतशीर निरीक्षणाने तपासणे हे पहिले. तो प्रश्न थट्टेने किंवा अभिमानाने सुटणारा नाही. दुसरे काम अधिक जवळचे आहे. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे थांबलेल्या आणि पस्तिशी-चाळिशीत परत येऊ पाहणाऱ्या विद्यार्थिनी प्रत्येक विभागाच्या दाराशी आजही आहेत. त्यांच्या अर्जातील मोकळ्या वर्षांकडे निवड समिती कोणत्या नजरेने पाहते, ह्यावर पुढच्या मंगलाबाईंना किती वर्षे मिळतील हे ठरणार आहे.